डिंका भाषेचा तिसरा स्वर

दक्षिण सुदानच्या जुबा शहरात डिंका भाषेचे ध्वनिमुद्रण करीत असताना एका दुपारी आम्ही तोंज भागातील एका शिक्षकांना त्यांच्याच आवाजातील क्रियापदे क्रम बदलून ऐकवली. शब्द एकेकच अक्षराचे होते आणि संदर्भाला वाक्य नव्हते. तरीही प्रत्येक वेळी स्वर ऱ्हस्व, दीर्घ की त्याहूनही लांब, हे ओळखून ते न अडखळता अर्थ सांगत गेले.

संस्कृत व्याकरणातील प्लुत, म्हणजे दीर्घाहूनही लांब स्वर, आपल्याला ठाऊक असतो, पण तो दुरून हाक मारताना वगैरे येतो, त्याने क्रियापदाचा पुरुष ठरत नाही. डिंकात मात्र मूळचा ऱ्हस्व धातू द्वितीयपुरुषी एकवचनात ऱ्हस्व राहून तृतीयपुरुषात दीर्घ होतो, तर मूळचा दीर्घ धातू द्वितीयपुरुषात दीर्घ राहून तृतीयपुरुषात अतिदीर्घ होतो. दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्या की तीन पायऱ्या मानल्याशिवाय गत्यंतर उरत नाही. रेमेसन आणि गिली या भाषाभ्यासकांनी २००८ साली डिंकाच्या लुआन्यजांग बोलीविषयी हेच दाखवले होते; पण मापनाचे आकडे वाचणे वेगळे आणि बोलणाऱ्याच्या कानाची खात्री समोर पाहणे वेगळे.

लांबीखेरीज त्याच स्वरात सूर असतो आणि श्वासयुक्त उच्चारही असतो. मराठीत ‘म्हैस’ म्हणताना श्वास व्यंजनाशी जोडलेला असतो, इथे तो स्वराचाच गुण आहे. प्रत्ययांच्या माळेऐवजी एका अक्षराच्या आतच इतके व्याकरण सामावणे ही मला या भाषेची सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

डिंका, नुएर आणि शिलुक या नायलोटिक, म्हणजे नाईल खोऱ्यातून पूर्व आफ्रिकेत पसरलेल्या भाषांच्या, शाखेच्या पश्चिम गटातील भाषा आहेत. मासाई पूर्व गटात, तर कालेंजिन दक्षिण गटात मोडते. मासाईसारख्या भाषांवर पूर्वी ‘नायलो-हॅमिटिक’ असा शिक्का मारला गेला होता आणि त्यामागे वंशाच्या कल्पना होत्या. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी शब्द व व्याकरण यांच्या पुराव्यावर तो नाकारला, हे योग्यच झाले.

प्रचलित लिपीत श्वासयुक्त स्वरावर दोन टिंबे देतात आणि दीर्घत्वासाठी अक्षर दुप्पट लिहितात. सूर आणि तिसरी लांबी यांना खूण नाही. त्यामुळे दीर्घ व अतिदीर्घ रूपे कागदावर एकसारखीच दिसतात. त्या शिक्षकांनी अशा जोड्यांची यादी वर्गासाठी मागितली, आणि मुद्रण थांबवून आम्ही ती तिथेच लिहायला घेतली.