माझा अनुभव : २४.६ म्हणजे म्हणे नॉर्मल!

हिंजवडीत दिवसभर खुर्ची, संध्याकाळी अमेरिकेचे कॉल, रात्री साडेदहाला जेवण. कुर्ते घट्ट झाले, घरात सगळ्यांवर खेकसणं वाढलं. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. पोटाचा घेर ८८ सेंटिमीटर. बायकांना ८०च्या आत हवा, पुरुषांना ९०च्या. डॉक्टर म्हणाले, आहारतज्ज्ञांना भेटा.

कंपनीच्या वेलनेस योजनेत आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक दोन्ही फुकट. फक्त पोर्टलवर फॉर्म भरायचा. उंची १५८, वजन ६१.५ टाकलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४.६. लगेच हिरवी पट्टी: ‘अभिनंदन, तुमचं वजन नॉर्मल आहे!’ आणि पुढचं बटण बंद. २५ असल्याशिवाय ते उघडतच नाही. अहो, आपल्या लोकांना कमी वजनातही पोटावर चरबी धरते, साखर चढते. म्हणून तर आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ सालीच २३च्या पुढे जास्त वजन धरायचं ठरवलं. हा फॉर्म गोऱ्यांच्या मापाने शिवलेला. एचबीए१सीला रकाना नाही, पोटाच्या घेराला तर नाहीच.

एचआरला मेल केली. उत्तर: ‘सिस्टीम घेत नाही, मॅम.’ तक्रारीचं तिकीट टाकलं, कुणी न वाचताच ‘रिझॉल्व्ड’. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. शेवटी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले, तर तिथली मुलगी हळूच म्हणते, ‘किलोभर वाढवून टाका ना, कोण बघतंय!’ तिच्या डोक्यावर भिंतीला पोस्टर: ‘ताणमुक्त राहा’. माझं बीपी त्या क्षणी मोजायला हवं होतं.

सुटलं ते असं. ऑफिसात आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात, त्यांच्याकडून लेटरहेडवर एचबीए१सी आणि घेर लिहून घेतला, मॅनेजरला सीसीत ठेवलं आणि मेलच्या विषयात ठळक लिहिलं: ‘एक्सेप्शन अप्रूव्हल’, म्हणजे अपवाद म्हणून मंजुरी. ‘मदत हवी’ लिहिलंत तर मेल तिथेच कुजते.

आहारतज्ज्ञ बाईंनी एकच गोष्ट हट्टाने करायला लावली: जेवण कॉलच्या आधी. भाकरी, उसळ, ताक, साडेसहाला. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे जातात, सातचा कॉल आठला येतो; तेव्हा जेवण पुढे ढकलू नका, तो तास चालायला वापरा. दुपारी डबा खाल्ल्यावरही पार्किंगमध्ये दहा मिनिटं फेऱ्या मारते. समुपदेशकांचं म्हणणं, कॉल संपला की लॅपटॉप बॅगेत, बॅग हॉलमध्ये. झोप सुधारली, चारची चहा-खारी आपोआप सुटली.

हो, घेर मोजताना श्वास सोडा. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. आणि एचबीए१सी महिन्यात परत करून पैसे घालवू नका, त्यात साधारण तीन महिन्यांची सरासरी दिसते. माझं आता ५.६ आहे.

फॉर्म अजून २५वरच अडतो. परवा शेजारच्या टीममधल्या मुलीला तेच हिरवं अभिनंदन आलं. तिला माझी मेल जशीच्या तशी फॉरवर्ड केली.