रस्ता रिकामा, तरी चाळीसच!

लंडनला वळसा घालणाऱ्या एम-२५ महामार्गावर पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा शेजारी दादा होता. माझा मावसभाऊ, इंग्लंडात वीस वर्षं मुरलेला. रविवारची संध्याकाळ, ऐसपैस लेन, पुढे गाड्या तुरळक. आणि वरच्या लोखंडी कमानीवर प्रत्येक लेनच्या डोक्यावर लाल कड्यात पेटलेला आकडा: ५०. पुढच्या कमानीवर ४०.

"मैल हं," दादा म्हणाला. म्हणजे ताशी ६४ किलोमीटर. एरवी इथे ७० मैलांची मुभा असते.

"अरे, पण पुढे काहीच नाहीये!"

"तुला दिसत नाहीये. रस्त्याला दिसतंय."

थट्टा वाटली, पण खरंच तसं आहे. डांबराखाली साधारण दर अर्ध्या किलोमीटरवर तारांची वेटोळी पुरलेली असतात. वरून किती गाड्या गेल्या, किती वेगाने गेल्या, हे त्यांना कळतं. गर्दी दाटू लागली की संगणक मागच्या कमानींवरचे आकडे उतरवत नेतो. लंडनभोवतीच्या या १८८ किलोमीटरच्या कड्यावर, नैर्ऋत्येच्या भागात, हे १९९५ पासून चालू आहे.

मला वाटायचं, कोंडी म्हणजे पुढे कोणीतरी धडकलेलं असणार. तसं काही लागत नाही. एकाने ब्रेकवर नुसता पाय टेकवला की मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी, आणि विसावी गाडी चक्क उभी राहते. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने फिरवायला सांगितल्या होत्या. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. ना सिग्नल, ना अडथळा, तरी थोड्याच वेळात कोंडी झाली आणि ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत राहिली.

मागून येणाऱ्यांना आधीच हळू केलं, तर त्या लाटेत नव्या गाड्यांची भर कमी पडते आणि ती विरायला वेळ मिळतो. सगळे एकाच चालीने निघाले की लेन बदलायची खुमखुमीही उतरते. मुख्य म्हणजे, सत्तरच्या वेगात येऊन उभ्या रांगेच्या शेपटावर आदळायची वेळ येत नाही. त्या संध्याकाळी आम्ही लाल दिव्यांच्या घोळक्यातून सरपटत का होईना, पण न थांबता निघालो. मग पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली: मर्यादा उठली.

एक मात्र खटकतं. कधीकधी कोंडी केव्हाच फुटलेली असते आणि आकडा तसाच चिकटून बसतो. मग लोकांचा विश्वास उडतो. माझाही उडाला. तीन आठवड्यांनी, एकटी असताना, ४० च्या कमानीखालून ५५ ने गेले. चौदा दिवसांच्या आत घरी पत्र! १०० पाउंड दंड आणि लायसन्सवर तीन गुण. (हे गुण मिरवायचे नसतात.)

ऑनलाइन फोटो पाहिला. रस्त्यावर माझी गाडी सोडून चिटपाखरू नव्हतं. दादाला पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, "बघ, कोंडी होती कुठे?"