बिपिन गेला आणि लीगचंही काही खरं नाही

१० ऑगस्ट २०२५, रविवार, रात्री साडेदहा

काल राखीला ताईकडे इथेच नाशिकच्या इंदिरानगरला गेलो होतो. ओवाळून झालं, ताटं वाढली, नारळीभाताचा पहिला घास तोंडात आणि भाच्याने मोबाईल माझ्या ताटापाशी सरकवला. म्हणे मामा हे बघ. बघतो तर बिपिन सिंग, आपल्या मुंबई सिटीचा इतकी वर्षं २९ नंबर घालणारा, आता लाल-पिवळ्या जर्सीत, ईस्ट बंगालच्या. ड्युरंड कपची पहिलीच मॅच, २३ जुलैची, साउथ युनायटेडला ५-० मारलं त्यात एक गोल याचा. मी ते आधीच बघितलं होतं पण त्याला सांगितलं नाही, त्याच्यासोबत परत एकदा बघितलं. पोरगा तेरा वर्षांचा आहे, डाव्या विंगला खेळतो आणि डावीकडेच का तर बिपिन डावीकडे खेळतो म्हणून. त्याने विचारलं, "मामा, आता आपल्याकडे २९ नंबर कोण घालणार?" मी म्हटलं बघू रे. दुसरं काय सांगणार, मलाच माहीत नाही.

आज दिवसभर तेच डोक्यात. उद्या तिसरा श्रावणी सोमवार, ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांची संध्याकाळपासून त्र्यंबक रोडला रीघ लागलीये, आमच्या गल्लीतले दोन ग्रुप गेले, मला पण चल म्हणत होते पण सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे आणि खरं सांगायचं तर मूडच नाही. म्हणून लिहायला बसलो.

कपाटातून जर्सी काढली मघाशी. आकाशी निळी, पाठीवर २९. धुवून धुवून ९ चा खालचा भाग सुटत आलाय, आई म्हणते इस्त्री उलटी करून फिरव, पण मला भीती वाटते की पूर्ण नंबरच निघून येईल. ही जर्सी घालून मी किती वेळा अंधेरीला मॅचला गेलोय. बिपिन २०१८ ला आला मुंबई सिटीत, तेव्हा त्याचं नाव पण कोणाला नीट माहीत नव्हतं. सात सीझन खेळला. १३ मार्च २०२१ ची फायनल मला मिनिटामिनिटाने आठवते, फातोर्डाचं स्टेडियम कोविडमुळे रिकामं, आम्ही घरी टीव्हीसमोर, १-१ चालू होतं (आपला तो एक गोल म्हणजे मोहन बागानच्या तिरीचा सेल्फ गोल, आणि तोच तिरी नंतर आपल्याकडे आला आणि आपला लाडका झाला) आणि ९० व्या मिनिटाला ओगबेचेने बॉक्समध्ये बॉल आडवा दिला आणि बिपिनने आत ढकलला. पप्पा झोपले होते ते दचकून उठले. मग ४ मे २०२४, सॉल्ट लेक, साठ हजारांच्या वर पब्लिक आणि सगळं पब्लिक समोरच्या मोहन बागानचं, आधी एक गोल खाल्ला, परेरा डियाझने बरोबरी केली आणि ८१ व्या मिनिटाला परत बिपिन. दोन फायनल जिंकलो आणि दोन्हीत तो. असा माणूस गेला की टीमशीटमधलं एक नाव कमी झालं एवढंच होत नाही, आपली त्या वर्षांची आठवणच कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं.

त्याच्यावर राग नाही हां. तिशी झालीये, फुटबॉलरची कमाईची वर्षं हातावर मोजण्याइतकी असतात, जिथे मान मिळतो तिथे माणूस जाणारच. शिवाय ईस्ट बंगाल निदान ड्युरंड तरी खेळतंय. आपण खेळतच नाहीयोत. आयएसएलच्या, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगच्या, तेरापैकी सहाच क्लब उतरलेत त्या स्पर्धेत आणि त्यात मुंबई नाही. म्हणजे तो ऑगस्टच्या पावसात गोल मारतोय आणि आपली टीम कुठे सराव करतीये का, कधीपासून करणार, काही पत्ता नाही.

खरं तर हे दुखणं मागच्या उन्हाळ्यातच चालू झालं. सॉल्ट लेकला कप जिंकून महिना दोन महिने होत नाहीत तोच घर रिकामं व्हायला लागलं. ज्याने तो कप उचलला तो आपला कॅप्टन राहुल भेके बंगळुरूला. मुंबईत वाढलेला पोरगा, २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हेडर मारून हरवलं होतं त्याने, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेली ती पहिली मॅच, तो विनिंग गोल भेकेचा. नोगेरा बंगळुरूला. परेरा डियाझ बंगळुरूला. आणि अपुइया मोहन बागानला. अपुइया गेला त्या दिवशी मी कंपनीत लंच टाइमला बातमी वाचली आणि डबा तसाच परत आणला. मिडफिल्डमध्ये त्याच्यासारखा बॉल काढून घेणारा आणि लगेच पुढे पास देणारा भारतीय पोरगा मला दुसरा दिसत नाही. तेव्हा सगळे म्हणाले मालक मँचेस्टर सिटीचे सिटी ग्रुपवाले आहेत, सिस्टीम आहे, दुसरे तयार करतील. मी पण तेच म्हणत होतो. ब्रँडन फर्नांडिस आला गोव्याहून, करेलिस आला, वाटलं जमेल.

जमलं नाही तितकं. सहावे आलो, ३६ पॉइंट. ज्या टीमने २०२२-२३ ला ४६ पॉइंट आणि ५४ गोल करून, लीगमध्ये पहिली येऊन शील्ड नेली होती, सलग १८ मॅच हरली नव्हती, ती टीम शेवटच्या मॅचला बंगळुरूत २-० जिंकून कशीबशी प्लेऑफमध्ये घुसली. आणि अठरा दिवसांनी, २९ मार्चला, त्याच ग्राउंडवर ५-० हरलो. पाचवा गोल परेरा डियाझचा. आपल्याच माणसाने मारलेला तो गोल बघताना घशात काहीतरी अडकलं होतं. आणि मग लीगची फायनल कोणाची झाली, मोहन बागान आणि बंगळुरू. म्हणजे एकीकडे अपुइया आणि ग्रेग स्टुअर्ट, दुसरीकडे भेके, नोगेरा, परेरा डियाझ. आपल्याच जुन्या टीमचे दोन तुकडे समोरासमोर उभे होते आणि आपण बाहेर बसून बघत होतो. अपुइयाचा सेमीफायनलचा गोल, जमशेदपूरविरुद्ध ९४ व्या मिनिटाला लांबून मारलेला, तो बघून मी टाळी वाजवली. मनापासून वाजवली. मग टीव्ही बंद केला.

तरी दर उन्हाळ्यात निदान आशा असायची. ३१ मेला करार संपायचे, मग जून जुलैभर रोज सकाळी उठल्या उठल्या मोबाईल बघायचा, कोण आला कोण गेला, परदेशी कोण आणणार, सहाच घेता येतात आणि मैदानात एका वेळी चार, मग दोन सेंटर बॅक परदेशी ठेवायचे की एकच ठेवून पुढे स्ट्रायकर वाढवायचा, ह्यावर आमच्या चौघांच्या रात्री जायच्या. मजा होती त्यात. पोटात गोळा पण असायचा पण तो गोड होता.

यंदा तसं नाही. ११ जुलैला क्लबांना कळवलं गेलं की लीग होल्डवर आहे. भारताचं फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातला २०१० चा तो पंधरा वर्षांचा करार, वर्षाला ५० कोटींचा, तो डिसेंबरमध्ये संपतोय. सप्टेंबरला सीझन चालू केला तर तो अर्ध्यात असताना करार संपणार, पुढे लीग कोण चालवणार ते ठरलेलं नाही, आणि फेडरेशनच्या घटनेची केस सुप्रीम कोर्टात असल्यामुळे निकाल येईपर्यंत नवीन करार पण करता येत नाही. मी हे सगळं दहा वेळा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आणि शिरल्यावर जास्तच भीती वाटली, कारण ह्यात खेळाडूने काय करायचं? त्याचा पाय, त्याचा दम, त्याचं वय, काहीच कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. ४ तारखेला बंगळुरूने पहिल्या टीमचे आणि स्टाफचे पगार बेमुदत थांबवले. चेन्नईयिनने पण कामकाज थांबवलं. ते वाचलं तेव्हा भेकेची आठवण आली, छेत्रीची आली, पण त्याहून जास्त त्या क्लबांच्या माळ्यांची, किटमॅनची आली, ज्यांची नावं आपल्याला कधी कळतच नाहीत. आमच्या अंबडला एक कंपनी बंद पडली होती काही वर्षांपूर्वी, तेव्हा बघितलंय मी, पगार थांबला की पहिल्या महिन्यात माणूस कोणाला सांगत नाही, दुसऱ्या महिन्यात गाडी विकतो.

आता आपल्या टीमकडे वळतो कारण त्याच्यासाठीच बसलोय.

छांगते राहिला पाहिजे. बाकी काही झालं तरी चालेल पण सात नंबर राहिला पाहिजे. गोलमध्ये फुरबा लाचेन्पा आहे तोवर मला रात्री झोप लागते, सिक्कीमचा पोरगा, बोलतो कमी आणि पंजा लांब. मेहताबची धाकधूक आहे. असा उंच, हवेतला बॉल सोडत नाही असा भारतीय सेंटर बॅक कोणाला नकोय? भेके गेल्यावर मागची अर्धी भिंत त्याच्यावरच उभी आहे. तो पण गेला तर मागे परत पहिल्यापासून विटा रचायच्या. ब्रँडनचे फ्री किक आणि कॉर्नर अजून सोनं आहेत, पण त्याच्या शेजारी धावणारा कोणीतरी तरुण पाहिजे, अपुइयाची ती जागा एक वर्ष झालं तरी भरलेलीच नाही हे माझं मत आहे आणि मी ते कोणाशीही भांडून सांगीन. आणि डाव्या विंगला विक्रम प्रतापला कायमचं उभं करावं. त्याला इकडे तिकडे फिरवू नये, सलग दहा मॅच तिथेच द्याव्यात, पोरगा आत कट मारून शॉट घेतो तेव्हा पूर्ण अंधेरी उभी राहते. कोच क्रॅटकीने मिडसीझनला येऊन कप जिंकून दिलाय, त्याच्यावर माझा विश्वास आहे, मागच्या वर्षाची सगळी शिक्षा त्याला देण्यात अर्थ नाही, घर रिकामं त्याने नव्हतं केलं.

पण स्ट्रायकर पाहिजे. डियाझसारखा, अंगावर घेणारा, धक्काबुक्की करणारा. आणि इथेच परत अडतं सगळं. कुठला परदेशी स्ट्रायकर येईल आत्ता? त्याचा एजंट विचारणार पहिली मॅच कधी, आणि आपण काय सांगणार? आणि मनातली सगळ्यात मोठी भीती लिहूनच टाकतो, २०१९ ला सिटी ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला म्हणून आपण एवढे वर आलो, ते तरी असं किती दिवस थांबतील.

आणखी एक गोष्ट आज फार लागली. जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा चालू झाला. इतकी वर्षं आम्ही कसाऱ्याच्या घाटात ट्रकच्या मागे बसून घड्याळ बघत अंधेरीला गेलोय, किंवा पंचवटीने ठाण्याला उतरून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, आणि बाहेर आलं की शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलाचे लाईट दिसायचे, ते दिसले की पाय आपोआप भरभर पडायचे. साताठ हजारांचं छोटंसं स्टेडियम पण आवाज असा की छातीत वाजतो. साडेसातची मॅच, साडेनऊला सुटायचं, रात्री दोनला घरी आणि सहाला शिफ्टला हजर. एकदाही दांडी नाही मारली. आता रस्ता झाला तर मॅच नाहीत. भाच्याला ह्या सीझनला पहिल्यांदा न्यायचं ठरलं होतं, ताई पण हो म्हणाली होती, त्याने तर तिकीट कुठल्या स्टँडचं काढायचं ते पण ठरवून ठेवलंय.

आज सकाळी त्याच्या प्रॅक्टिसला गेलो होतो मुद्दाम. पाऊस होऊन गेलेला, कॉर्नरपाशी घोट्याएवढा चिखल. बाकी पोरं चिखल टाळून मधून खेळत होती आणि हा लाइनला चिकटून, डावीकडेच, बॉल येवो न येवो हात वर करून उभा. एकदा आला बॉल. एकाला काढलं, दुसऱ्याला काढताना पाय सटकला, आपटला, तोंडात चिखल, उठून परत तिथेच जाऊन उभा राहिला हात वर करून. मी काही बोललो नाही. येताना मिसळ खायला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, "लीग नाही झाली तर ते लोक रोज काय करत असतील मामा?" मी म्हटलं पळत असतील, आणखी काय. म्हणे, कशासाठी ते माहीत नसताना? मी पावाचा तुकडा मोडत बसलो.

१ तारखेला खालिद जमीलला भारताचा कोच केला ही एक चांगली बातमी. मुंबईतच खेळला, मुंबई एफसीला इतकी वर्षं कूपरेजवर त्याने सांभाळलं, हातात पैसा नसलेल्या टीम घेऊन झगडायची सवय आहे त्याला. आणि ७ तारखेला फेडरेशन आणि क्लबांची मीटिंग झाली, आधी सप्टेंबरमध्ये सुपर कप घेऊ म्हणतायत. सुपर कप तर सुपर कप. मैदानात तर उतरतील, कोण राहिलंय ते तरी डोळ्याने दिसेल.

हे लिहीत असतानाच फोन वाजला. आमचा चौघांचा मॅचवाला ग्रुप, २९ मार्चच्या त्या ५-० नंतर तिथे एक मेसेज नव्हता, साडेचार महिने. आज गाडीवाल्या मित्राने टाकलंय, "सुपर कप कुठे ठेवणार काय माहीत भो, पण लांब असला तरी गाडी काढायची का?" दोघांनी लगेच हो टाकलं.

मी टाकलं, या वेळी माझ्या दोन सीट धर.