सोनेरीच्या खाली काय लावता?

गणपती तोंडावर आले की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: "मखरासाठी सोनेरी रंग कुठला घेऊ?" कुठलाही घ्या हो. अप्पा बळवंत चौकात जा, बऱ्या कंपनीचा मेटॅलिक अ‍ॅक्रिलिक मागा, झालं. खरा प्रश्न त्याच्या खाली काय लावणार, हा आहे.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून घरोघरी पुठ्ठ्याची मखरं होतात. पांढऱ्या पुठ्ठ्यावर थेट सोनेरी फासलं की ते पिवळट आणि फिकं दिसतं. मग दुसरा हात, तिसरा हात, बाटली रिकामी, आणि खापर रंगावर! या सोनेरीत सोनं नसतंच, बहुतेक वेळा धातूही नसतो. असतात ते अभ्रकाचे अगदी बारीक पापुद्रे, वरून टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा आयर्न ऑक्साइडचा पातळ लेप दिलेले. ते थोडा उजेड परतवतात, थोडा खाली सोडतात. खाली पांढरं असेल तर तोही उजेड उसळून वर येतो आणि चमक त्यात हरवते. खाली गडद असेल तर तो तिथेच जिरतो, नुसती चमक उरते.

चंदेरीखाली मी काळा लावते. सोनेरीखाली मात्र गेरूच्या रंगाचा अ‍ॅक्रिलिक. युरोपात लाकडी चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवण्याआधी लाल मातीचा थर देत, त्यानं सोन्याला ऊब येते. मखराचे खांब तसे रंगवून गॅलरीत वाळत ठेवले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मखर करतेयस की तुळशीवृंदावन?" संध्याकाळी सोनेरीचा हात दिल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

हात देताना ब्रश चपटा आणि मऊ घ्या, आणि एकाच दिशेनं चालवा. पापुद्रे ब्रशच्या ओढीप्रमाणे आडवे झोपतात. मध्येच उलटा फटकारा मारलात तर तेवढाच पट्टा कायम वेगळा चमकतो. अर्धवट वाळलेल्या रंगावर तर ब्रश नेऊच नका. श्रावणातल्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो, तेवढा द्यायचा. पाणी अगदी थेंबभर. जास्त झालं की रंग धरून ठेवणारा चिकटपणा जातो. बाटली आधी नीट हलवा, सगळी चमक तळाशी बसलेली असते.

ब्रश एकाच दिशेनं चालवायचा नियम मुद्दाम मोडला की मात्र गंमत होते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करतात. हातोडीच्या शेजारी शेजारी पडलेल्या प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा खेळतो. मी मातीच्या कुंडीला आधी गडद तपकिरी रंग देते, वाळला की बोटाच्या पेराएवढ्या चपट्या ब्रशानं तांबेरीचे तुटक ठिपके, प्रत्येकाची दिशा जराशी फिरवून. लांबून ठोक्यांचा भास होतो. जवळ गेलात तर रंगच दिसतो, आणि दिसू दे. खऱ्या घंगाळाची सर त्याला येणार नाही, आणायचीही नाही. तांबेरी मला सोनेरीपेक्षा केव्हाही जास्त आवडतो, घरात वर्षभर डोळ्यांना खुपत नाही.

कुंडीत झाड लावणार असाल तर आतून वॉटरप्रूफिंगचा हात द्या, नाहीतर मातीतून झिरपणारी ओल बाहेरचा रंग पोपड्यांनी उचलते. वरून व्हार्निश द्यायचं तर ग्लॉसच. मॅटनं सगळी चमक मरते.

पणत्या रंगवा, पण बाहेरून. वात टेकते ती चोच आणि आतली बाजू कोरी सोडा; अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिक, ज्योतीजवळ त्याचं काम नाही. नैवेद्याच्या वाट्यांनाही आतून हा रंग नको. बाटलीवरचं 'नॉन-टॉक्सिक' पोरांच्या हाताला रंग लागला तर घाबरू नका, एवढंच सांगतं. त्यात खीर वाढा असं नाही म्हणत.