इतिहासवाल्याचा तरंगांशी सामना

मी बी.ए. इतिहास, पाटण तालुक्यातला. राज्यसेवेच्या तयारीसाठी कराडच्या एका अभ्यासिकेत बसायचो. सामान्य विज्ञान मी शेवटाला ठेवलेलं आणि त्यातही तरंगांचं प्रकरण सगळ्यात खाली. अनुतरंग, अवतरंग, संपीडन, विरलन, शृंग, गर्त... व्याख्या पाठ व्हायच्या, पण चार पर्याय समोर आले की सगळा गोंधळ.

शेजारी बसणारा बी.एस्सी.वाला एकदा वैतागून म्हणाला, "व्याख्या सोड रे. दोनच गोष्टी बघ. तरंग कुठं चाललाय आणि कण कुठं हलतोय?"

गावी गेल्यावर बैलाचा कासरा खुंट्याला बांधला, मधोमध लाल चिंधी गुंडाळली आणि झटका दिला. उंचवटा पळत खुंट्यापर्यंत गेला. चिंधी जागच्या जागी वरखाली झाली. कण तरंगाच्या दिशेला आडवा, तरंग पुढे, म्हणजे अवतरंग. पुढे जाते ती ऊर्जा. ध्वनीत हवेचे कण तरंगाच्याच रेषेत मागेपुढे होतात. दाटी झाली तिथे संपीडन, पांगले तिथे विरलन. एस्टीच्या दारातल्या गर्दीत मागून रेटा आला की तो पुढच्यापर्यंत पोचतो, माणसं मात्र आपापल्या जागीच असतात, तसं. हा अनुतरंग.

पण प्रकरण खरं उलगडलं ते आजीमुळे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप तिनं सोसलेला. मी विचारलं तर म्हणाली, "आदी जमिनीतनं गुरगुर आली बाळा, मग घर हिसकं द्याय लागलं." भूगोलाच्या पुस्तकातल्या प्राथमिक आणि दुय्यम लहरी त्या ह्याच! प्राथमिक लहर अनुतरंग, कवचात सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावते, म्हणून आधी पोचते. दुय्यम लहर अवतरंग, साडेतीनच्या आसपास. मागून येते आणि जमीन आडवी हलवते. दोन्हींच्या मधले सेकंद मोजून 8 नं गुणले की केंद्राचं अंतर ढोबळमानानं किलोमीटरमध्ये मिळतं. कोयनानगरहून कराड सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, म्हणजे सहा सेकंदांची फट. शिवाय द्रवाला आडवा ताण पेलत नाही, म्हणून दुय्यम लहर पृथ्वीच्या द्रवरूप बाह्यगाभ्यातून जात नाही. इतिहासवाल्याला असं कारण मिळालं की पाठ करावं लागत नाही.

वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हे सूत्र आजीच्या रेडिओनं पक्कं केलं. आकाशवाणी सांगली, 1251 किलोहर्ट्झ. प्रकाशाचा वेग, सेकंदाला 3 लाख किलोमीटर, त्याला ह्या वारंवारतेनं भागलं की आले जवळपास 240 मीटर. रेडिओवाले मीटर आणि किलोहर्ट्झ दोन्ही का सांगतात ते तेव्हा कळलं.

पाण्याच्या लाटेचं चटकन उरकलं: पृष्ठभागाजवळचे कण गोल फिरतात, म्हणून ती अनुतरंग आणि अवतरंग, दोन्हींचं मिश्रण.

प्रकाश मात्र शेवटपर्यंत नडला. तो अवतरंगच, पण त्याला माध्यम लागत नाही; हलतात ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं, एकमेकांना काटकोनात. मी बी.एस्सी.वाल्याला विचारलं, "मग चिंधी कुठं बांधायची?" तो म्हणाला, "हे आता पाठच कर." केलं.