लिमरिकला एक दिवस पुरतो का?

आयर्लंडला निघालेली मंडळी मला हमखास हे विचारतात. डब्लिन आणि मोहरचे कडे ठरलेले असतात, मधे लिमरिकला किती वेळ द्यावा याचा घोळ असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: एक दिवस पुरतो. फक्त निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवा.

समुद्र नकाशात बराच लांब दिसतो, पण शॅनन नदीच्या लांबलचक खाडीतून भरतीचं पाणी थेट शहरात चढतं. दहाव्या शतकात व्हायकिंग याच वाटेने होड्या घेऊन आले आणि इथल्या बेटावर ठाण मांडून बसले. क्लॅन्सीज स्ट्रँड या नदीकाठच्या रस्त्यावर उभ्या राहा. भरतीला नदी तुडुंब, संथ. पलीकडे किंग जॉनचा तेराव्या शतकातला किल्ला. ओहोटी लागली की त्याच पात्रातून करागोअरचे खडक डोकं वर काढतात, पाणी खळाळायला लागतं आणि कयाकवाली पोरं तिथल्या लाटेवर खेळायला उतरतात. तासाभरात बस गाठायची असलेल्यांना यातलं एकच रूप दिसतं.

थॉमंड पुलाजवळ, याच काठावर चौथऱ्यावर ठेवलेला एक चुनखडीचा धोंडा आहे. इंग्लंडच्या राजा विल्यमची फौज आणि त्याच्याविरुद्ध लढणारे आयरिश यांच्यातला 1691चा तह त्याच्यावर झाला अशी परंपरा. तहानंतर आयरिश सेनानी सार्सफिल्डबरोबर हजारो आयरिश सैनिक फ्रान्सला गेले; मागे राहिलेल्या कॅथलिकांना दिलेला शब्द मात्र पाळला गेला नाही. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही, तरी मी सगळ्यांना तिथे पाठवते.

किल्ला की सेंट मेरीज कॅथेड्रल, असा प्रश्न पडला तर बेधडक कॅथेड्रल. 1168चं आहे. आतली पंधराव्या शतकातली ओकची काळपट आसनं बघा. फळी वर उचलली की खाली छोटी कड असते; प्रार्थनेला तासन्‌तास उभं राहणाऱ्यांनी हळूच टेकायचं, म्हणजे बसल्यासारखं दिसत नाही! त्या कडेखाली ग्रिफिन (अर्धा गरुड, अर्धा सिंह असा काल्पनिक प्राणी), रानडुक्कर, दोनच पायांचा एकशिंगी बोकड कोरलेत. देवळाच्या पोटात हा खट्याळपणा मला फार आवडतो.

शनिवार असेल तर जेवायला मिल्क मार्केट. चीज आणि ताजा पाव मिळतो, शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही.

डब्लिनहून रेल्वेने येताना बहुतेक वेळा लिमरिक जंक्शनला गाडी बदलावी लागते. नाव वाचून बॅगा घेऊन गावात निघू नका, ते स्टेशन शेजारच्या टिपेररी काउंटीत आहे.