नाव कमी केले

अंदमानातल्या सेल्युलर जेलच्या मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर राजबंद्यांची नावं प्रांतवार कोरलेली आहेत. बंगालची यादी संपता संपत नाही, पंजाबचीही मोठी आहे, मुंबई प्रांताची मात्र उभ्या उभ्या वाचून होते. टूर मॅनेजर म्हणून मी आणतो तो मराठी ग्रुप इथे हमखास अडकतो. सावरकर बंधूंची नावं सापडली की त्यांवर बोट ठेवून फोटो, मग तेच नाव, दुसऱ्याचं बोट, पुन्हा फोटो. ३८ माणसांचे यात वीस मिनिटं जातात आणि मागचा ग्रुप जिन्यात घाम पुसत उभा असतो.

गेल्या हंगामात ग्रुप पुढे सरकला तरी एक काका पाटीसमोरच राहिले. सातारा जिल्ह्यातले, निवृत्त तलाठी. चष्मा कपाळावर चढवून, ओळीखाली नख फिरवत, सातबारा तपासावा तसं वाचत होते.

‘‘मॅनेजर, यात नाव सापडत नाही.’’

‘‘कुणाचं, काका?’’

‘‘आमच्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं. १९१४च्या आसपास आले इथं.’’

‘‘कुठला खटला? नाशिकचा?’’

‘‘नाही. बांधाचा.’’

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातली झेरॉक्स काढली. जमिनीच्या जुन्या फेरफाराचा उतारा होता, मूळ मोडीत, खाली त्यांनी स्वतः बाळबोधात उतरवलेला. शेवटची ओळ अशी: ‘सदर इसमास खुनाचे गुन्ह्यात जन्मठेप काळे पाणी झालेने हिश्श्यास भावाचे नाव लाविले, सबब नाव कमी केले.’

गावात सगळे सांगतात की काकांच्या पणजोबांचे हे भाऊ क्रांतिकारक होते, इंग्रजांनी अंदमानात नेलं. शाळेच्या भिंतीवर फलक लावायचं घाटतंय. पुतण्याने बजावून पाठवलं होतं, पाटीवरच्या नावाचा फोटो आणा. काकांना खरं काय ते नोकरीत असताना, दफ्तर चाळतानाच कळलेलं. तरी ते पाटी वाचत होते.

मी ठरलेलं उत्तर दिलं: इथे फक्त राजबंद्यांची नावं आहेत. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘मग बाकीचे कुठं लिहिलेत?’’

कुठेच नाही. आणि आमच्या तोंडच्या माहितीतही नाहीत, ही गोष्ट मला अजून छळते.

सेल्युलर जेल मराठी माणसाला दाखवायचं म्हणजे त्याची एक ठरीव चाल आहे. दारातून आत, डावी-उजवीकडचं संग्रहालय, अंगणात फटक्यांच्या टिकटीला बांधलेला पुतळा, कोलू म्हणजे तेलाचा घाणा, फाशीघर, मग मनोरा, आणि शेवटी सात नंबरच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर सावरकरांची कोठडी. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना कोठडी आधी दाखवून घ्यावी, नाहीतर शेवटच्या जिन्याला ते खालीच बसतात आणि मग ‘एवढ्या लांब येऊन तात्यारावांची कोठडी बघितली नाही’ ही रुखरुख परतीच्या विमानापर्यंत पुरते. डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधारायला लागतं, कारण बेटं पूर्वेला ९२ अंशांच्या पुढे आणि घड्याळ मिर्झापूरच्या रेखावृत्तावरचं. पुण्याच्या सवयीने ‘चार वाजता निघू’ म्हणणाऱ्यांना हे समजावण्यात रोज एक सकाळ जाते.

कोलूपाशी सगळे गप्प होतात. दिवसाला ३० पौंड खोबरेल म्हणजे जवळजवळ साडेतेरा किलो. बैलाच्या जागी माणूस. हा आकडा सांगितला की पुढे काही सांगावं लागत नाही. फाशीघरात मात्र उलट. दोराच्या फासात मान अडकवून जीभ बाहेर काढायची आणि फोटो घ्यायचा, हे दर ग्रुपमध्ये एकजण तरी करतोच. रागवलं तर तक्रार ऑफिसला जाते. मी आता फक्त त्याच्या आईकडे बघतो.

मला स्वतःला ही इमारत दाखवायला आवडते ती कडीपासून. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद, मागच्या भिंतीत माणसाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर झरोका. हे सगळे सांगतात. कडीकडे कुणी बघत नाही. गजांच्या दाराची कडी चौकटीत संपत नाही. तिचा लांब लोखंडी दांडा दाराला सोडून भिंतीच्या अंगाने पुढे जातो आणि भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात शिरतो. कुलूप त्या कोनाड्यात. मी ग्रुपमधल्या सगळ्यात उंच माणसाला आत उभं करतो आणि गजांतून हात काढून कुलपाला बोट लावायला सांगतो. खांद्यापर्यंत हात बाहेर येतो, कोपर भिंतीवर घासतं, बोटं हवेत. घड्याळ आणि बांगड्या आधी उतरवायला सांगाव्यात. एकदा एका ताईंचं कडं गजात अडकलं आणि साबण शोधण्यात अर्धा तास गेला.

ही कडी राजबंद्यांसाठी घडवलेली नव्हती. तुरुंगच त्यांच्यासाठी बांधलेला नव्हता. १८९० साली लायल आणि लेथब्रिज हे दोन अधिकारी वसाहत तपासायला आले. काळ्या पाण्याची भीती लोकांना राहिलेली नाही, असं त्यांना दिसलं. देशातल्या तुरुंगापेक्षा कैदी इथे यायला राजी असत, कारण काही वर्षांनी इथे मोकळीक मिळे. तेव्हा सुरुवातीलाच एक कडक टप्पा हवा, एकेकट्या कोठडीचा, अशी त्यांची शिफारस. म्हणून १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं कैद्यांकडूनच हे सात चाळींचं चक्र बांधून घेतलं. एका चाळीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर कुणी कुणाला दिसू नये. नाशिक आणि अलीपूरच्या खटल्यांतले क्रांतिकारक आले ते १९०९च्या अखेरीपासून, आणि तोवर या कोठड्यांत होते ते खुनी, दरोडेखोर, जाळपोळवाले. पुढेही बहुसंख्य तेच.

सावरकरांच्या बिल्ल्यावरचा क्रमांक ३२७७८. मराठी ग्रुपमधल्या चार-पाच जणांना तो तोंडपाठ असतो, कोठडीत शिरल्या शिरल्या मोठ्याने म्हणतात. इतकी वर्षं मीही म्हटला. सगळ्या काळातले राजबंदी मिळून काहीशे भरतील, मग हा आकडा तीस हजारांच्या पुढे कसा, हे मी कधी विचारलं नाही. कुणी मला विचारलंही नाही. तलाठ्यालाच ते सुचावं, यात नवल नाही. आकडा दिसला की मागचे कोण, हे बघायची त्यांना सवय.

मनोऱ्याच्या पायऱ्यांवर बसून मी काकांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. साधा जन्मठेपवाला मद्रासहून ‘महाराजा’ बोटीने यायचा, १९११ साली सावरकरांना आणलं तीच बोट. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख, सुटकेची तारीख. पहिले सहा महिने या तुरुंगात एकट्याने. मग दीड वर्ष दुसऱ्या तुरुंगात, काम तेच पण जाच कमी. नंतर तीन वर्षं बराकीत: रात्री कुलूपबंद, दिवसा पहाऱ्यात मजुरी. त्यापुढची पाच वर्षं मजुरीच, पण मुकादमीसारखी बारकी कामं मिळू शकत, हातखर्चाला चार पैसेही. काकांनी बोटांवर बेरीज केली. अर्धं, दीड, तीन, पाच.

‘‘दहा झाली.’’

दहा वर्षांनी तिकीट. तिकीट मिळालं की गावात राहायचं, शेती करायची, गुरं ठेवायची, लग्न करायचं किंवा देशातून बायकोला बोलवायचं. परवानगीशिवाय बेट सोडायचं नाही. चालचलन बरी राहिली तर वीस ते पंचवीस वर्षांनी पूर्ण सुटका.

‘‘म्हणजे या इमारतीत सहाच महिने?’’

‘‘सहाच. जगला असला तर बाकीचा जन्म बाहेर.’’

त्यांच्या माणसाचं काही शिल्लक असेल तर ते कोलूशी नाही, बाहेर आहे. ज्याला आपण रॉस म्हणून ओळखायचो आणि २०१८पासून नेताजींच्या नावाने ओळखतो, त्या बेटावरच्या साहेबांच्या बंगल्यांच्या विटांत. १८८३पासून चालणाऱ्या चॅथमच्या लाकूड गिरणीत. शहरातल्या रस्त्यांत, समुद्राच्या बंधाऱ्यांत. व्हायपर बेटावर सेल्युलरच्या आधीचा तुरुंग आणि टेकडीवरचं फाशीघर आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला १८७२ साली त्या बेटावरच फासावर दिलं. समुद्र आणि परवानगी जुळली तर बोट तिथे टेकते, पण आमच्या कार्यक्रमात व्हायपर म्हणजे ‘नारळपाणी व फोटो’. बोटीवरचा माणूस कर्ण्यावर चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन इंजिनात बुडतात.

कागद शोधायचा तर मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याच्या फायली आणि दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेच्या फायली. नुसत्या नावावर हाती लागणं कठीण. सत्र न्यायालय, निकालाचं साल आणि जमल्यास कैदी क्रमांक घेऊन जावं. इथल्या बेटांवरचं बरंच दफ्तर दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अंमलात गेलं. त्याच काळात दोन चाळीही पाडल्या गेल्या, स्वातंत्र्यानंतर आणखी दोन. त्या जागेवर सरकारी रुग्णालय उभं आहे. उरल्या तीन: एक, सहा आणि सात. जुने राजबंदी आवाज उठवत राहिले म्हणून तेवढ्या तरी वाचल्या, आणि १९७९ साली राष्ट्रीय स्मारक झालं. पाट्यांवर नावं आहेत ती आवाज असलेल्यांची. बांधावरून कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या बाजूने कोण बोलणार, आणि का बोलावं, हेही खरंच. ज्याला मारलं त्याचंही घर त्याच गावात असणार.

बसचा ड्रायव्हर तिथला, ‘लोकल बॉर्न’. १९४२च्या आधीपासून बेटांवर असलेल्या कैद्यांच्या वंशजांना तिथे हाच शब्द आहे. घरात हिंदी, पणजोबा एका प्रांतातले, पणजी दुसऱ्या, धर्मही कधी कधी दोन. काकांनी त्याला फेरफार दाखवला. त्याला मराठी येत नाही, तरी त्याने तो बराच वेळ हातात धरला, आणि नाव कुठल्या ओळीत आहे तेवढं विचारलं. काकांनी त्याला विचारलं, तुझे पणजोबा कशात आले? तो हसला. हे इथे कुणी कुणाला विचारत नाही, म्हणाला. मग गाडी मागे घ्यायला गेला.

काका संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश खेळाला आले नाहीत, हॉटेलात थांबले. रात्री जेवताना माझ्या शेजारी बसून त्यांनी हिशेब मांडला. १९१४ अधिक दहा, १९२४ला तिकीट. वसाहत बंद करायचं १९२१ सालीच ठरलं होतं, बऱ्याच जणांना परत नेलं, राहणाऱ्यांना राहू दिलं. म्हणजे जिवंत असते तर परत यायची वाट होती.

‘‘होती,’’ मी म्हटलं.

‘‘नंतरचे सगळे फेरफार बघितलेत मी. नाव परत चढलेलं नाही.’’

शाळेच्या फलकाचं काय केलं ते त्यांनी कळवलं नाही, मीही विचारलं नाही.

आता मी कडी दाखवून झाली की लायल-लेथब्रिज, सहा महिने, दीड, तीन, पाच हे दोन मिनिटांत सांगतो. जागा तीच योग्य. मनोऱ्यात सांगितलं तर लोक नावं शोधण्यात असतात, कोलूपाशी सांगितलं तर ऐकत नाहीत. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मते हे ग्रुपचा मूड घालवतं, लोक पैसे भरून दर्शनाला येतात. त्याचं धंद्याचं गणित चुकीचं नाही.

फेब्रुवारीत एका काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे इथे चोर-दरोडेखोरच जास्त? मग आम्ही चपला कशाला काढल्या?’’

चपला आपण त्या एका कोठडीपाशी काढतो. शेजारच्या कोठडीत त्या वेळी आमच्याच ग्रुपच्या पाण्याच्या बाटल्या आणि छत्र्या ठेवलेल्या होत्या.